ब्लाउज घेऊन शिंप्याकडे

प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्याला आज पुस्तकांची किंवा वर्गांची वाण नाही. वाण आहे ती अडल्या वेळी प्रश्न कसा विचारावा या शिक्षणाची, आणि ते शिक्षण चोख मिळते हॅकर मंडळींच्या ऑनलाइन गप्पांत. हॅकर हा शब्द येथे बँकेची खाती फोडणाऱ्यासाठी योजलेला नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील, आगगाड्यांच्या प्रतिकृती चालवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या क्लबात तो रुळला, तो यंत्राच्या पोटात शिरून त्याची रीत समजून घेणाऱ्या आणि युक्तीने त्याच्याकडून नवे काम करवून घेणाऱ्या माणसासाठी. कुलूप तोडणाऱ्याला ही मंडळी क्रॅकर म्हणतात.

या गप्पांचे एक जुने आणि अजून नांदते साधन म्हणजे इंटरनेट रिले चॅट, म्हणजेच आयआरसी. फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ते ऑगस्ट १९८८मध्ये घडवले. त्यात एकेका विषयाची चॅनेल, म्हणजे गप्पांची स्वतंत्र दालने असतात. तेथे चित्र नाही, आवाज नाही, केवळ टाइप केलेल्या ओळी, आणि मूळ नियमानुसार एक संदेश शेवटच्या खुणेसह ५१२ अक्षरचिन्हांपलीकडे जाऊ शकत नाही. एवढ्या चिंचोळ्या वाटेतून प्रश्न न्यायचा असल्यामुळे तो आधी नीट बांधावा लागतो, आणि ही बांधणीच नवशिक्या टाळतो.

पायथॉन ही गिडो व्हान रॉसम यांनी १९९१मध्ये प्रसिद्ध केलेली भाषा घ्यावी. एखादी विद्यार्थिनी वापरणाऱ्याचे वय विचारून त्यात एक मिळवणारा दोन ओळींचा प्रोग्राम लिहिते, उत्तरादाखल १८ टाइप करते, आणि पडद्यावर एरर येतो. त्याच्या शेवटच्या ओळीत टाइपएरर हे नाव असते व मजकुराला मजकूरच जोडता येतो, पूर्णांक नव्हे, असा खुलासा असतो. वरच्या ओळींत कोणत्या फाइलीत, कितव्या ओळीवर गाडी अडली ते लिहिलेले असते. कारण साधे आहे: इनपुट ही सूचना जे आणून देते ते नेहमी मजकूरच असते, अंक दिसला तरी तो अक्षरांसारखा, आणि इंट या सूचनेने त्याची संख्या करून घ्यावी लागते. (इंट देवनागरीतील १८ देखील बिनतक्रार स्वीकारते, ही मराठी शिकणाऱ्याला सुखावणारी गोष्ट.) परंतु ही विद्यार्थिनी चॅनेलवर लिहिते ते इतकेच, की प्रोग्राम चालत नाही, कोणी मदत करील का. पडद्यावर उत्तर जवळजवळ लिहून आलेले असताना तेच तिने झाकून ठेवलेले असते.

शिंप्याकडे जाऊन एखाद्या गृहिणीने ब्लाउज नीट बसत नाही एवढेच सांगितले आणि ब्लाउज मात्र कपाटातच ठेवला, तर शिंपी कितीही मुरलेला असला तरी कात्री कोठे लावणार? मुंढ्यात काचतो की पाठीत झोळ येतो, हे कपडा पाहिल्यावाचून त्याला कळत नाही. एरर हा तो ब्लाउज होय. तो अक्षरशः, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, जसाच्या तसा उचलून द्यावा. आठवणीने पुन्हा टाइप केलेला प्रोग्राम म्हणजे त्याच ताग्यातला दुसरा ब्लाउज, ज्यात बिघडलेली शिवण नसूही शकते. उलट हजार ओळींचा सगळा प्रोग्राम ओतणे म्हणजे कपड्यांची अख्खी ट्रंक दुकानात उलटी करणे. दोष जेथे दिसतो तेवढा, पण स्वतंत्रपणे चालवून पाहता येईल असा लहान तुकडा करावा, आणि तो दहाबारा ओळींचा असला तरी चॅनेलवर न ओतता वेगळ्या पानावर ठेवून त्याचा दुवा द्यावा. हा तुकडा कातरता कातरताच पुष्कळांना दोष सापडतो, आणि प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही.

याच दुकानात आणखी एक चूक घडते. गिऱ्हाईक बाही लांब करून मागते, शिंपी ती करून देतो, तरी कपडा बसत नाही, कारण दोष खांद्यात असतो. हॅकर मंडळी याला एक्सवाय प्रॉब्लेम म्हणतात: खरी अडचण एक्स, पण विचारणारा स्वतःच योजलेल्या वाय या उपायाबद्दलच विचारत राहतो. म्हणून मुळात काय साधायचे आहे ते एका वाक्यात सांगावे, आणि त्याखाली, पुन्हा सांगणे भाग आहे, एरर अक्षरशः द्यावा. एरिक रेमंड यांनी प्रश्न विचारण्याच्या रीतीवर लिहिलेला निबंध या मंडळींत फार वाचला जातो. त्यातील सल्ला रास्त आहे, मात्र त्यातील करडा सूर घेऊन नवशिक्यांवर खेकसणारे जे जुने सभासद असतात त्यांचे वागणे मुळीच रास्त नाही, कारण एकदा ओशाळलेले मूल पुन्हा त्या दारात येत नाही.

नियोजित वेळ संपत आली असल्याने दोन गोष्टी ओझरत्या. आयआरसी मुळात मागचे बोलणे साठवून ठेवत नाही, त्यामुळे प्रश्न टाकून पाच मिनिटांत निघून जाणाऱ्याला उत्तर मिळतच नाही. पुण्यात रात्रीचे साडेनऊ होतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात दुपारचे बारा वाजलेले असतात. जाणकार जेवून येईपर्यंत चॅनेल उघडे ठेवून थांबावे आणि तोवर इतरांचे प्रश्न वाचावेत. दुसरी गोष्ट चलांच्या नावांची, म्हणजे प्रोग्राममध्ये किंमत साठवणाऱ्या नावांची. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘वय’ हे देवनागरी नाव चालते, आणि घरी शिकताना ते अवश्य वापरावे. परक्या मंडळींपुढे तुकडा ठेवताना मात्र ते बदलावे आणि बदललेला तुकडा एकदा चालवून तोच एरर येतो ना हे पाहावे, नाहीतर पुन्हा दुसराच ब्लाउज दुकानात जायचा. मराठीतूनच असे प्रश्न विचारता येतील अशी दालने का वाढत नाहीत, त्यासाठी एरर या शब्दापासून कोणती परिभाषा आधी ठरवावी लागेल, हा याला लागूनच येणारा विषय असून त्याला वेगळे भाषण हवे.