माती, उपास आणि पित्त
(रेडिओवरील भाषण)



दिवाळी आटोपली की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या कातकरी वाड्या अर्ध्या ओस पडतात. माणसं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर दिवसभर हात मातीत. माती मळायची, साच्यात घालायची, वाळवायची, भाजायची. तिथून आलेली एखादी बाई दवाखान्यात दम लागतो म्हणून येते, आणि खोलीत दुसरं कुणी नसेल तरच सांगते की विटेचा लहानसा तुकडा ती तोंडात ठेवते. चघळते. गिळतेसुद्धा. गावात राहणारी दुसरी कुणी कुडाच्या भिंतीचा पोपडा काढून खाते, कुणी चुलीची भाजकी माती, कुणी पाटीवरची पेन्सिल, कुणी मूठमूठ कच्चे तांदूळ. पहिल्या पावसाचा वास आला की मग राहवतच नाही म्हणतात. हे सगळं सासूला माहीत नसतं, नवऱ्याला माहीत नसतं, आणि डॉक्टरांना तर नसतंच, कारण आम्ही विचारत नाही.

आजचा माझा विषय मोठ्या माणसांमधले खाण्याचे विकार. हे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांपुढे शहरातली एखादी मुलगी येते. आरशापुढे उभी, वजनकाट्याला घाबरलेली, पोळीचे चार तुकडे करून तीन टाकून देणारी. अशा मुली आहेत, त्यांचा आजार खरा आहे आणि तो जीव घेऊ शकतो. पण या एका चित्रामुळे डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई इथल्या बायका-पुरुषांचे खाण्याचे आजार आपल्याला दिसेनासे झाले, असं माझं मत आहे. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याचा डोंगराळ, आदिवासी भाग म्हणजे मुख्यतः हेच दोन तालुके उरले. भातसा-तानसाचं पाणी इथून मुंबईला जातं. मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ उलट्या दिशेने फारसे येत नाहीत.

तर माती. डॉक्टरी पुस्तकांत या आजाराचं नाव पायका. अन्न नसलेली वस्तू महिनाभर किंवा त्याहून जास्त काळ पुन्हापुन्हा खात राहणं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची जी नियमावली जगभर वापरली जाते, तिच्यात पायका बराच काळ बालपणीच्या आजारांच्या प्रकरणात होता. २०१३च्या आवृत्तीत तो मोठ्यांच्या खाण्याच्या विकारांशेजारी आणून बसवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही त्याची जागा तीच आहे. आपल्याकडे मात्र चरकसंहितेने ही गोष्ट फार आधी हेरली होती. पांडुरोगाचे पाच प्रकार सांगताना चरकाने माती खाण्याने होणारा पांडुरोग स्वतंत्र मोजला. पांडुरोग म्हणजे अंग फिकं पडणं, आजच्या भाषेत रक्त कमी होणं. सुश्रुताने तो वेगळा मोजला नाही. वैद्यांमध्ये मतभेद तेव्हाही होतेच.

माती खाल्ल्याने रक्त कमी होतं की रक्त कमी झाल्याने माती खावीशी वाटते? दोन्ही. अंगातलं लोह घटलं की काही माणसांना विचित्र वासना सुटतात. माती, खडू, कच्चे तांदूळ, शहरात बर्फ. असं का होतं, याचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही, पण लोह पोटात जाऊ लागलं की ही वासना पुष्कळदा उतरते, आणि कित्येकदा रक्ताचा आकडा वाढण्याआधीच उतरते. दुसऱ्या बाजूने, खाल्लेली माती पोटातल्या अन्नातलं लोह धरून ठेवते आणि अंगाला लागू देत नाही. मातीबरोबर जंतांची अंडी पोटात जातात. फार माती खाल्ली तर आतडी तुंबतात, शरीरातलं पोटॅशियम घसरतं, हातापायांतलं त्राण जातं. म्हणजे बाई जितकी माती खाणार तितकी फिकी पडणार, आणि जितकी फिकी पडणार तितकी माती मागणार.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय होता. निम्म्याहून जास्त. त्या सगळ्या माती खात नाहीत हे उघड आहे. पण ज्या खातात त्यांच्यावर हसण्याआधी किंवा डोहाळे म्हणून सोडून देण्याआधी हा आकडा आठवावा. गरोदर बाई असेल तर तिला डोहाळ्यांची तरी सूट मिळते. चाळिशीतल्या बाईला, साठीच्या आजीला तीही नाही. त्यांच्या वाट्याला फक्त लाज.

यावरचा उपाय महाग नाही. रक्त तपासा. जंताची गोळी घ्या. रक्तवाढीच्या गोळ्या लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर अजिबात नको, कारण चहा लोह अडवतो. गोळ्या चालू असताना शौचाला काळं होतं. त्याला घाबरून पुष्कळ जणी गोळ्या उशाखाली ठेवून देतात. घाबरण्याचं कारण नाही. माती खावीशी वाटणं थांबलं म्हणून लगेच गोळ्या बंदही करायच्या नाहीत. रक्ताचा आकडा सुधारल्यावर पुढे साधारण तीन महिने त्या चालू ठेवाव्या लागतात, तेव्हा कुठे अंगातला साठा भरतो. एक सावधगिरी मात्र हवी. आदिवासी समाजांमध्ये सिकलसेलचा आजार आढळतो, आणि त्यातही रक्त कमी असतं. तेव्हा ती तपासणी करून घेतल्याशिवाय वर्षानुवर्षं लोह घेत राहू नये.

गोळीने सगळ्यांची माती सुटत नाही. काही जणींचं रक्त बारावर येतं आणि हात तरीही भिंतीकडे जातो. अशी बाई एकटी असते तेव्हा खाते, भांडण झालं की खाते, रात्री झोप नसते तेव्हा खाते. इथून पुढचं काम मनाचं. कधी खाल्लं, त्याआधी काय झालं होतं, याची नोंद ठेवायची. लिहिता येत नसेल तर आशाताईंना सांगायचं. त्या वेळेला तोंडात दुसरं काहीतरी ठेवायचं, भाजलेले शेंगदाणे, आवळकाठी. साधं वाटतं, पण उपचाराचा गाभा हाच आहे, आणि त्याला आठवडे लागतात.

आता उपासाकडे येतो. इथे मला जपून बोलायला हवं. या दोन्ही तालुक्यांत माळकरी घरं पुष्कळ आहेत. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, हे सगळं श्रद्धेने होतं आणि त्यात आजार काही नाही. पण एखाद्या घरात कर्ता मुलगा जातो, किंवा सून माहेरी निघून जाते, आणि त्यानंतर आईचे उपास वाढत जातात. आधी आठवड्यातला एक वार, मग दोन, मग एकभुक्त, मग त्या एका वेळेलाही चार घास. अन्नावरची वासनाच उडाली, म्हणते. घास उतरत नाही, म्हणते. शेजारी म्हणतात, किती देवाचं करते! तिला जाड होण्याची भीती नसते. तिने आरसाही पाहिलेला नसतो.

मग हा खाण्याचा विकार म्हणायचा का? १८७३मध्ये लंडनच्या विल्यम गल यांनी आणि पॅरिसच्या शार्ल लासेग यांनी आपापल्या परीने अन्न सोडणाऱ्या रुग्णांची वर्णनं लिहिली. ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव गल यांचं. त्यांच्या वर्णनांतसुद्धा जाडीची भीती नव्हती. ती नंतर आली. १९९०च्या सुमारास हाँगकाँगचे डॉक्टर सिंग ली यांनी दाखवून दिलं की त्यांचे कितीतरी रुग्ण वजनाबद्दल बोलतच नाहीत, पोट भरल्यासारखं वाटतं एवढंच सांगतात. आपल्या बायका याहून वेगळं काय सांगतात?

उपास आणि आजार ओळखायला आपल्याच घरात एक खूण आहे. उपासाला पारणं असतं. ठरल्या दिवशी तो सुटतो, आणि सोडणारी माणसं आनंदाने जेवतात. ज्या उपासाचं पारणं होत नाही, किंवा पारण्याच्या ताटासमोर ज्या बाईला रडू येतं, तिला दवाखान्यात न्यायला हवं. ब्लाउज सैल झाले आहेत, उन्हात थंडी वाजते, केस गळतात, वयाआधी पाळी थांबली आहे, उठताना चक्कर येते, ही बाकीची लक्षणं.

नेल्यावर लगेच मनाचं म्हणून शिक्का मारू नये. आधी टीबी पाहायचा, साखर पाहायची, थायरॉइड, पोटातल्या गाठी. वजन घटण्याची ही कारणं आपल्याकडे पहिली. ती नाहीत असं ठरलं की मग मनाकडे वळायचं. घरच्यांना सांगायचं असं की उपाशी राहिलेलं मन स्वतःच आजारी पडतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला अमेरिकेत मिनेसोटा इथे अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे पाव भागाने उतरलं. पण डॉक्टरांना नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. हे धडधाकट तरुण उदास झाले, चिडखोर झाले, माणसांत मिसळेनात, घास तासभर चिवडत बसू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. खायला मिळाल्यावर काहींना आवरेना. म्हणून ‘आधी मन बरं होऊ दे, मग जेवेल’ हा हिशेब उलटा आहे. आधी पोटात अन्न जायला लागतं.

तेही एकदम नाही. फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला मायेने भरलं ताट वाढलं तर रक्तातले क्षार कोसळतात आणि हृदय बंद पडू शकतं. अशा माणसाला पहिले काही दिवस रुग्णालयातच, थोडं थोडं, तपासण्या करत खाऊ घालावं लागतं. पेजेपासून सुरुवात करायची आपली जुनी पद्धत शहाणपणाची होती, पण क्षार मोजायचं काम पेज करत नाही.

तिसरी गोष्ट पित्त. सकाळी घशात बोटं घालून पित्त पाडणारी माणसं आपल्या ओळखीत आहेत. पुरुषही आहेत. बहुतेकांची ती नुसती वाईट सवय असते. काहींचं मात्र असं होतं की रात्री खाखा सुटते, थांबता येत नाही, मग स्वतःचीच किळस येते आणि ओकून मोकळं व्हायचं. १९७९मध्ये लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी या आजाराला बुलिमिया नर्व्होसा नाव दिलं. यात वजन अगदी नेहमीसारखं असतं, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. दात झिजतात, गाल कानापाशी सुजतात, पोटॅशियम उतरून हृदयाचे ठोके चुकतात. यावर बोलण्याचे उपचार चांगले लागू पडतात. दिवसातून तीन जेवणं आणि मध्ये दोनदा काहीतरी, वेळ न चुकवता, हा त्यांचा पाया. उपाशी राहून दिवस काढला की रात्री खाखा सुटणारच. फ्लुओक्सेटिन नावाचं औषधही उपयोगी पडतं. ते डॉक्टरांनीच द्यायचं. 

जायचं कुठे? उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय, मुरबाड आणि टोकावड्याची ग्रामीण रुग्णालयं. रक्त, वजन, क्षार इथपर्यंतची सुरुवात तिथे होते आणि पुढची चिठ्ठीही तिथूनच मिळते. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१चं. ‘ठाण्याला पाठवा याला’ ही आपल्याकडची शिवी आहे, म्हणून माणसं तिथे जायला घाबरतात. पण तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. सकाळी दाखवून, गोळ्या घेऊन संध्याकाळी घरी येता येतं. आणि प्रवासाचं भाडंच नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेली ही सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलता येतं. भगताकडे जाणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. जा म्हणतो, फक्त ओकारीचं औषध घेऊ नका आणि गोळ्या थांबवू नका.

घरच्यांसाठी एकच मागणं. बाईने सगळ्यांचं झाल्यावर, उरलंसुरलं, चुलीपाशी एकटीने खायचं, ही रीत खाण्याच्या प्रत्येक आजाराला सोयीची आहे, कारण ती किती खाते आणि काय खाते हे कुणाला दिसत नाही. २०१५पासून आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं, ती अमृत आहार योजना. त्या जेवणात काय काय असतं यावर बरंच बोललं जातं. माझ्या दृष्टीने त्यात आणखी एक मोलाची गोष्ट आहे, बाई तिथे चारजणींत बसून जेवते.

शेवटी आशाताईंना आणि नर्सताईंना. घरात गेल्यावर ‘जेवलात का?’ असं विचारलं तर उत्तर ‘हो’ असंच येणार, ती आपली रीत आहे. त्याऐवजी बाजूला नेऊन विचारा, ‘काकू, काल सकाळपासून तोंडात काय काय टाकलंत? पुष्कळ जणी माती खातात, तांदूळ खातात. तुम्हाला तसं होतं का?’ पहिल्यांदा ती नाही म्हणेल. पुढच्या महिन्याच्या भेटीत पुन्हा विचारा. हो म्हणाली तर तोंडावर हसू आणू नका, सासूला सांगू नका, त्याच आठवड्यात तिचं रक्त तपासून घ्या.