वेगळं पाणी



पदवीधरांनो, झग्यात तुम्हाला उकडतंय आणि पाहुणीचं भाषण अजून व्हायचंय, हे मला दिसतंय. एकाच बाईंबद्दल बोलते. त्यांच्याकडे पदवी नव्हती. शाळेचं तोंडही त्यांनी धड पाहिलं नव्हतं. लक्ष्मीबाई टिळक. संसार आपल्याच नगर-राहुरीकडचा.

१८९३ साली राजनांदगावच्या वाटेवर, रेल्वेच्या डब्यात त्यांचे पती नारायण वामन टिळक यांना एका गोऱ्या सहप्रवाशानं बायबलचा नवा करार दिला. वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वाचलं, पटलं, घेतलं. आपण गोष्ट इथंच संपवतो. मला मात्र पुढची वर्षं जड वाटतात, कारण लक्ष्मीबाईंना यातलं काहीच पटलेलं नव्हतं.

काही वर्षं ताटातुटीत गेली. मग त्या नवऱ्याकडे आल्या खऱ्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळक तापट गृहस्थ. तरी धर्माच्या बाबतीत त्यांनी बायकोवर बळजबरी केली नाही. नवऱ्याला गवसलेलं सत्य उसनं घ्यायला त्याही तयार नव्हत्या. त्या काळच्या बाईनं हे करावं, याचं मला अजून नवल वाटतं.

राहुरीला असताना एक प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला: जात देवानं केली की माणसानं? देवानं केली म्हणावं, तर गाय आणि घोडा जसे बघताक्षणी वेगळे कळतात, तशी माणसं का कळत नाहीत? हा प्रश्न ना पंडिताचा, ना पाद्र्याचा. रोज हंडा वेगळा ठेवणाऱ्या बाईचा तो प्रश्न. जात माणसानंच केली, हे उत्तर सापडलं तेव्हा त्यांनी त्यावर वाद घातला नाही. कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. आधी सोवळं सुटलं, बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपण त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचून हसतो, हसावंच. पण त्या हसण्यात ही झुंज नजरेआड होते.

आणि टिळक तरी कुठं स्वस्थ बसले? नगरच्या मिशनच्या धर्मशिक्षणशाळेत त्यांनी शिकवलं, ‘ज्ञानोदय’ नियतकालिकाची मराठी बाजू सांभाळली आणि १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मिशनची नोकरी सोडून ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा होती. स्वीकारलेल्या सत्याकडे त्यांनी पुन्हा एकदा, पगारावर पाणी सोडून, पाहिलं.

मे १९१९ मध्ये टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य अर्धवट राहिलं. ते पुढं न्यायला बसल्या लक्ष्मीबाई.