महानौकांचा वेग आणि चौदा नॉटची विक्रांत



युद्धनौकेविषयी बोलणे निघाले की तोफांच्या खालोखाल चौकशी होते ती वेगाची. अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू नौकांचा वेग अमेरिकेचे नौदल ‘३० नॉटहून अधिक’ एवढाच सांगते. सांगितलेल्या आकड्यापेक्षा न सांगितलेला आकडा नेहमीच मोठा भासतो. त्यामुळे ४०, प्रसंगी ५० नॉटच्या कथा उत्साहाने सांगितल्या जातात. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. त्या हिशेबाने ५० नॉट म्हणजे ताशी सुमारे ९३ किलोमीटर. सुमारे लाख टन वजनाचे पोलाद मोकळ्या रस्त्यावरच्या एस.टी.ला मागे टाकीत समुद्र कापीत जाते, ही कल्पना रोमहर्षक खरी. पण पाण्याला ती मान्य नाही.

पाण्याचा कायदा कठोर आहे. नौका पुढे जाताना स्वतःच लाट उभी करते आणि वेग वाढला की तिला त्या स्वनिर्मित लाटेशीच झगडावे लागते. स्थूलमानाने, वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लावावी लागते. कमाल वेगाच्या जवळ हा दर आणखी चढतो. १९६१ साली सेवेत आलेल्या अमेरिकेच्या ‘एंटरप्राइज’वर आठ अणुभट्ट्या होत्या, म्हणून तिचा वेग अचाट असणार असा समज रूढ झाला. वस्तुतः तिच्या पंख्यांना मिळणारी शक्ती २ लाख ८० हजार अश्वशक्ती होती, आणि तेलावर चालणाऱ्या तिच्या समकालीन ‘किटी हॉक’चीही तेवढीच. अणुभट्टी पाण्याची वाफ करते. पुढे टर्बाइन तेच आणि पंखेही तसेच. अणुशक्तीची खरी देणगी वेग नव्हे, तर तोच वेग इंधनाची चिंता न करता दिवसेंदिवस टिकविणे ही आहे.

वेगाची किंमत किती मोजावी लागते, हे दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन बॅटलशिपांवरून दिसते. ‘साउथ डकोटा’ वर्गाच्या नौका १ लाख ३० हजार अश्वशक्तीवर सुमारे २७ नॉट गाठीत. त्यापाठोपाठ आलेल्या ‘आयोवा’ वर्गाला ३३ नॉट हवे होते. त्यासाठी शक्ती २ लाख १२ हजारांवर न्यावी लागली, लांबी २०७ मीटरवरून २७० मीटर झाली, वजन १० हजार टनांनी वाढले. मुख्य तोफा दोन्हींवर नऊच, १६ इंची. म्हणजे सहाएक नॉटसाठी १० हजार टन! तेवढ्या वजनात त्या काळी एक क्रूझर तयार होत असे.

परंतु नुसते सरळ धावणे म्हणजे युद्ध नव्हे. नौकेला वळावे लागते, थांबावे लागते. आणि तिला ब्रेक नसतो. पंखे उलटे फिरविणे हाच तिचा ब्रेक. सुकाणू फिरविताच मोठी नौका लगेच वळते असेही नाही. प्रथम तिची पिछाडी बाहेर फेकली जाते, ती काही अंतर जुन्याच दिशेने पुढे सरकते, मग बाहेरच्या अंगाला कलत वळू लागते, आणि त्या वळणात तिचा वेग पुष्कळ गळतो. कप्तानाला हे सारे आधी ओळखून आज्ञा द्यावी लागते. उशिरा दिलेली आज्ञा समुद्रावर न दिल्यासारखीच असते.

१० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या पूर्व किनाऱ्यावर, कुआंतानच्या समोर, याची परीक्षा झाली. ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ ही नवी ब्रिटिश बॅटलशिप आणि ‘रिपल्स’ ही पहिल्या महायुद्धातील बॅटलक्रूझर यांच्यावर इंडोचायनातून उडालेली जपानी विमाने तुटून पडली. ब्रिटिश नौकांना विमानांचे छत्र नव्हते. अपेक्षा अशी की नवी नौका टिकेल, जुनी आधी जाईल. घडले ते असे की पावणेबाराच्या सुमारास एक पाणतीर ‘प्रिन्स ऑफ वेल्स’च्या पिछाडीला, डाव्या बाजूच्या पंख्याच्या दांड्यापाशी लागला. वाकलेला दांडा फिरतच राहिला आणि त्याने आजूबाजूची जलरोधक बंधने उखडून टाकली. त्या वाटेने पाणी थेट आत शिरले. वीज गेली, सुकाणू निकामी झाले, वेग १५ नॉटच्या आसपास आला. नौका ताब्यात नसल्याची खूण म्हणून डोलकाठीवर दोन काळे गोळे चढविण्यात आले. अवघ्या एका आघाताने नौदलाचा नवा अभिमान असहाय झाला.

आणि ती म्हातारी ‘रिपल्स’? तिचे कप्तान विल्यम टेनंट प्रत्येक पाणतीराचा माग पाहून नौका त्या रेषेला समांतर वळवीत होते. पाणतीर ४० नॉटहून अधिक वेगाने येतो. त्याच्यापुढे पळून सुटका नाही. त्याला अंगाची रुंदी न दाखविता नाळ किंवा पिछाडी दाखविणे, एवढाच उपाय. अशा रीतीने तिने १९ पाणतीर चुकविल्याची नोंद आहे. शेवटी जपानी वैमानिकांनी दोन्ही बाजूंनी एकदम हल्ला चढविला. एका बाजूचे पाणतीर चुकविण्यासाठी वळलेली नौका दुसऱ्या बाजूच्या पाणतीरांपुढे आडवी आली. एक लागला, पाठोपाठच्या आघाताने सुकाणू अडकले. वेग अजून २० नॉटहून अधिक होता, पण वळता येत नव्हते. काही मिनिटांत ती बुडाली, तासाभरात ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ही. दोन्ही नौकांवरील ८४० जण गेले.

विमानांपुढे तोफांची नौका हरली आणि समुद्रावरील प्रमुख स्थान विमानवाहू नौकेकडे गेले. वेगाची गरज मात्र संपली नाही, तिचे कारण तेवढे बदलले. विमानाला उड्डाणासाठी पंखांवरून वारा वाहावा लागतो. नौका नाळ वाऱ्याच्या तोंडावर धरते आणि वेग वाढविते. नैसर्गिक वारा आणि नौकेचा वेग यांची बेरीज विमानाला मिळते. पंखांची उचल हवेच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून थोड्या नॉटांनीही विमान किती बॉम्ब वाहू शकेल ते ठरते. हे सूत्र भारताच्या बाबतीत १९७१ साली फार जिवावर बेतले होते.

आपली पहिली ‘विक्रांत’ ब्रिटनने १९४३ साली बांधायला घेतलेली, भारताने १९५७ साली विकत घेतलेली आणि ४ मार्च १९६१ रोजी आपल्या नौदलात आलेली. चार बॉयलर, दोन पंखे, ४० हजार अश्वशक्ती आणि सुमारे २५ नॉटचा कमाल वेग. जून १९७० मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत तिच्या बॉयलरच्या पाण्याच्या पिंपांना तडे गेलेले आढळले. वेल्डिंगने भरून निघतील असे ते तडे नव्हते. नवी पिंपे ब्रिटनकडून मागविली, पण ती येण्यापूर्वीच पूर्व बंगालात आग पेटली.

मार्च १९७१ मध्ये कमी दाबाने बॉयलर पुन्हा पेटविण्यात आले. वाफेचा दाब चौरस इंचाला ४०० पौंडांवर आणि पंख्यांचे फेरे मिनिटाला पुढच्या दिशेने १२०, उलट दिशेने ८० इतकेच ठेवण्याची मर्यादा घातली गेली. त्यामुळे वेग उरला १४ नॉट. उलट फेऱ्यांची मर्यादा अधिक बोचणारी आहे. नौकेचा ब्रेकच अर्धा बांधून ठेवल्यासारखे ते होते. शिवाय विमान फेकणारे कॅटापल्टही वाफेवरच चालणारे, त्याच बॉयलरांतून वाफ घेणारे. एकीकडे वारा कमी, दुसरीकडे धक्क्याची वाफ कमी.

तिला युद्धात न्यावे की नाही, यावर मतभेद होते आणि विरोध करणारे भित्रे नव्हते. पाकिस्तानकडे फ्रेंच बनावटीच्या तीन डॅफ्ने पाणबुड्या होत्या, पाण्याखाली १५ नॉटच्या आसपास धावणाऱ्या. १४ नॉटची विमानवाहू नौका त्यांच्यापासून पळू शकत नव्हती. आणि विमान उडवायचे म्हणजे ठरावीक काळ वाऱ्याच्या तोंडावर सरळ चालायचे, पाणबुडीला हवे असते नेमके तेच. दुसरी बाजू कॅप्टन गुलाब हिरानंदानी यांनी नौदलप्रमुख अॅडमिरल नंदा यांच्यापुढे मांडली. १९६५ च्या युद्धात विक्रांत मुंबई बंदरातच राहिली होती. या वेळीही ती तशीच राहिली तर ती पांढरा हत्ती ठरेल आणि नौदलाच्या विमानदलावर पाणी सोडावे लागेल. नंदांनी निर्णय घेतला.

जूनमध्ये खोल समुद्रात चाचण्या झाल्या. चालू असलेल्या तीन बॉयलरांभोवती पोलादी पट्टे आवळले गेले. वाफ फुटली तर ताबडतोब दिसावी म्हणून निरीक्षणाच्या खिडक्या बसविल्या. त्या खिडक्यांतून पाहत उभ्या राहिलेल्या बॉयलरखोलीतल्या माणसांची आठवण युद्धाच्या वर्णनांत क्वचितच निघते, ही खेदाची गोष्ट आहे. डेकवरचा वैमानिक शत्रूकडे जात होता. खाली उभा असलेला माणूस तडा गेलेल्या पोलादाशेजारी पाळी भरीत होता.

वेगाची उणीव डावपेचांनी भरून काढावी लागली. विक्रांत पश्चिमेला न ठेवता बंगालच्या उपसागरात नेली आणि अंदमानात दडवली. तिच्या शोधात आलेली ‘गाझी’ ही पाणबुडी विशाखापट्टणमबाहेर तिची वाट पाहत राहिली आणि ३-४ डिसेंबरच्या रात्री तेथेच बुडाली. ४ डिसेंबरला सकाळी अकराच्या सुमारास, कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या नेतृत्वाखालील विक्रांतवरून आठ सी हॉक विमाने कॉक्स बझारवर गेली; त्याच दिवशी चितगाव बंदरावर हल्ला झाला, पुढे खुलना आणि मोंगला येथे. स्वराज प्रकाश यांना महावीरचक्र मिळाले. त्या नौकेचे बॉयलर पुढे १९७९ ते १९८१ च्या दुरुस्तीत सुधारले गेले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे सेवेत दाखल झालेली नवी ‘विक्रांत’ २६२ मीटर लांब आहे. तिला बॉयलर नाहीत. चार गॅस टर्बाइनांची एकत्रित शक्ती ८८ मेगावॉट आहे आणि कमाल वेग सुमारे २८ नॉट. वाफ धरायला जुन्या नौकेला काही तास लागत. हे टर्बाइन काही मिनिटांत सज्ज होतात. तिला कॅटापल्टही नाही, नाळेकडे वर उचललेल्या डेकवरून विमान स्वतःच्या बळावर झेप घेते. धक्का देणारी वाफच नसल्यामुळे डेकवरचा वारा तिलाही महत्त्वाचाच आहे, आणि तो वाढवायचा तर पंख्यांनीच.