सूर्याचा वेळ, पाण्याचा साठा

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या वाटेवर, सिपना नदीच्या काठी वसलेले सेमाडोह हे मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील गाव होय. आणि जेथे विजेची तार ओढावयाची म्हणजे वृक्षतोड, परवानग्यांचे दप्तर आणि वन्य प्राण्यांच्या जिवास धोका ही तिन्ही ओघानेच येतात, त्या मुलखात जागच्या जागी वीज निर्माण करणाऱ्या सौरयंत्राचे महत्त्व विशेष जाणवते.

ही वीज उन्हाच्या तापापासून मिळते असा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः ती प्रकाशापासून मिळते. प्रकाशाच्या योगाने विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो हे बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३९ साली दाखविले, आणि १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा व्यवहारोपयोगी घट सिद्ध झाला. सिलिकॉनच्या एका थरात फॉस्फरसचा व दुसऱ्यात बोरॉनचा अंश मिसळला म्हणजे दोहोंच्या सीमेवर विद्युत्क्षेत्र निर्माण होते; प्रकाशाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन हे क्षेत्र एकाच दिशेस लोटते, आणि तोच प्रवाह. एका घटाचा दाब जेमतेम अर्धा व्होल्ट, म्हणून अनेक घट ओळीने जोडून पॅनेल तयार करतात. वऱ्हाडातील वैशाखाचा ताप या कामी उलट अडचणीचाच, कारण घट तापला की त्याची उत्पादनक्षमता घटते. यास्तव पॅनेलखालून वारा खेळता राहील अशी तजवीज करावी लागते.

उन्हाळ्यात ओढे आटले म्हणजे रानगवे, अस्वले आणि वाघ यांच्यासाठी वन विभाग पाणवठे भरतो, आणि त्यांपैकी कित्येकांवर आता सौरपंप आहेत. ज्या ऋतूत पाण्याची निकड सर्वाधिक, त्याच ऋतूत आकाश निरभ्र. शिवाय दिवसा उपसलेले पाणी रात्रीही तेथेच राहते, म्हणून विजेचा साठा करणाऱ्या बॅटरीची गरज उरत नाही. डिझेल वाहून आणण्याचा खर्च, धूर आणि इंजिनाची घरघर हे सारे टळते ते वेगळेच. घरातील दिव्याची गोष्ट मात्र निराळी : त्याला बॅटरी हवी, ती काही वर्षांनी बदलावी लागते, आणि आषाढ-श्रावणात मेळघाटावर ढग दाटले म्हणजे तीही अपुरी भरते.

खाली अमरावती-अकोल्याच्या सपाटीवरील शेतकऱ्यासही रात्रीच्या पाळीने ओलितासाठी अंधारात शेतात जाणे नको असते; दिवसा वीज मिळावी याच हेतूने राज्य शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आरंभिली. तेव्हा ज्या कामाचा वेळ सूर्याच्या वेळेशी जुळतो ते काम प्रथम सूर्याकडे सोपवावे, आणि रात्रीच्या दिव्याचा विचार करताना बॅटरीचा जमाखर्च आधी मांडावा, हाच या विद्येचा व्यवहारी उपयोग होय.