फिल्मवरच्या मानेकडे पाहताना



सवाई जयसिंहांचे गुरू रत्नाकर पुंडरीक मराठी होते. मराठी माणूस जयपूरला नवा नाही. इथल्या जंतरमंतरमधल्या सम्राट यंत्राचा, म्हणजे मोठ्या सूर्यघड्याळाचा, उतार जयपूरच्या अक्षांशाइतका, 27 अंशांचा आहे. ते जसेच्या तसे पुण्यात उभारले तर वेळ चुकेल. आपल्या सेफॅलोग्रामवरच्या, म्हणजे डोक्याच्या क्ष-किरण चित्रावरच्या, कोनांबद्दल मला हेच म्हणायचे आहे.

1931 मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी डोके स्थिर ठेवून क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत दिली. अशा चित्रावर नेझिअन, सेला आणि आर्टिक्युलेअर या बिंदूंमधला कवटीच्या तळाचा कोन ब्यॉर्क या संशोधकाच्या मोजमापांत सुमारे 123 अंश. तो वाढला की जबड्याचा सांधा मागे जातो, खालचा जबडाही मागे राहू पाहतो. कमी झाला की पुढे येऊ पाहतो. पण हा नुसता कल आहे. कवटीचा तळ सपाट, तरीही चेहरा छान जुळलेला, अशी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. जबड्याची लांबी ती तफावत भरून काढते.

मानेचेही तसेच. डोके मागे कलते ठेवणाऱ्यांचा चेहरा सरासरीने लांबट आणि जबडा मागे असतो, हे सोलो आणि टॉलग्रेन यांनी 1976 मध्ये मांडले. यात कारण कोणते, परिणाम कोणता? नाक चोंदलेले मूल मान वर करते, त्यामुळे चेहरा लांबतो का? यावर इथे मोकळेपणाने वाद व्हायला हवा.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये पीएच.डी.साठी कवट्यांच्या दोन बाजूंतला फरक मोजला. मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांना त्यात वंशभेद दिसेल अशी अपेक्षा होती. बाईंच्या मोजमापांत तो निघाला नाही, आणि त्यांनी तसेच लिहिले. परकी सरासरी समोर ठेवून एखाद्या मुलाचा जबडा पुढे आणायचे ठरवताना मला त्यांची फार आठवण येते.

एक विनंती. वाढीचा टप्पा ओळखायला मानेच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मणक्याची खालची कड किती खोलगट झाली, ते पाहावे लागते. थायरॉईड कॉलर नेमकी तिथेच आड येते. मुलाला किरण कमी लागावेत आणि मणकेही दिसावेत, हे कसे साधायचे, यावर दुपारच्या सत्रात क्ष-किरण तंत्रज्ञांना आधी बोलू द्यावे.