वनभागातील भूलतज्ज्ञ आणि पुढील प्रशिक्षण

तत्कालीन चंद्रपूर, आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. भूलतज्ज्ञ डॉ. मंदाकिनी आमटे यांनी ते अरण्यच कर्मभूमी मानले. अशा भागात येऊ पाहणाऱ्या भूलतज्ज्ञाने निवासी शिक्षणानंतर आणखी शिकावे काय?

कण्यातून द्यावयाची भूल तो शिकलेलाच असतो. पुढील प्रशिक्षणात सोनोग्राफीच्या साहाय्याने केवळ एका हाताचे वा पायाचे मज्जातंतू बधिर करण्यात प्रावीण्य येते. झाडावरून पडून हात मोडलेला मजूर नुकताच जेवलेला असेल, तर संपूर्ण भुलेत अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. या पद्धतीत तो शुद्धीवर राहू शकतो. तथापि औषध चुकून रक्तवाहिनीत गेल्यास झटके येतात, हृदयही थांबू शकते. म्हणून प्रशिक्षण अवश्य घ्यावे. मात्र रुग्णालयात प्राणवायू व तातडीची औषधे सज्ज असल्याखेरीज ते अपुरेच होय.