पाहुणा की गिऱ्हाईक?



आज आपण परदेशी प्रवाशांविषयी बोलू. फर्दापूरच्या फाट्यावर ते तुम्ही पाहताच. कोणी जपानचा, कोणी श्रीलंकेचा, कोणी जर्मनीचा. हे लोक हजारो मैलांवरून आपल्या डोंगरात येतात. फाट्यावर गाडी सोडतात, एस. टी.च्या बसने अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत जातात, दोन-तीन तासांत परत फिरतात. ते आपल्याला पाहतात, आपण त्यांना पाहतो. पण ओळख होते का? आजचा प्रश्न तेवढाच आहे.

वाघोरा नदीच्या वळणावर लहानमोठी तीस लेणी आहेत. सर्वांत जुनी दोन हजार वर्षांपूर्वीची. बौद्ध भिक्षू तेथे राहत, ध्यान करीत. पुढे ती ओस पडली, रान माजले. १८१९ सालच्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी तेथे शिकारीला आला. तो दहा नंबरच्या लेण्यात शिरला. तेथील खांबावर रंगीत चित्र होते. त्या चित्रावरच त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. आता पाहा, पाहुणा घरात आला आणि भिंतीवर नाव खरडून गेला! पण एकट्या साहेबाला हसून भागायचे नाही. पुढे आपल्याही लोकांनी नावे कोरलीच की. बदामाचे चित्र काढून त्यात बाण मारणारे काही विलायतेहून आले नव्हते.

त्यानंतर १८४४ साली रॉबर्ट गिल आला. हाही इंग्रज लष्करातलाच. भिंतीवरची चित्रे कापडावर उतरवून काढण्याचे काम त्याला दिले होते. तो अजिंठा गावात वर्षानुवर्षे राहिला. इथल्या पारो नावाच्या बाईशी त्याचे मन जुळले. ती १८५६ साली वारली. तिची कबर त्याने बांधली, ती अजून गावात आहे. गिलची बरीच चित्रे १८६६ साली लंडनच्या आगीत जळाली. कवी ना. धों. महानोर आपल्याच भागातले. त्यांनी या दोघांवर काव्य लिहिले. स्मिथ पाहायला आला होता, गिल राहायला आला होता. फरक तिथे पडला, असे आम्हांला वाटते.

आजच्या प्रवाशाला राहायला वेळ नाही. त्याला विमान गाठायचे असते. आणि आपल्यालाही घाई असते. तो बसमधून उतरला की दहाजण त्याला गराडा घालतात. कोणाच्या हातात गारगोटीचे खडे, कोणाच्या हातात माळा, कोणाकडे पुस्तके. शंभराची वस्तू हजाराला सांगायची, मग घासाघीस. पोरे जपानी बोलतात, सिंहली बोलतात. शाळेची पायरी न चढलेला माणूस चार देशांच्या भाषांत भाव सांगतो. ही हुशारी आहे, तिला नावे ठेवू नयेत. पोट त्यावर चालते. पण चार भाषांत एकच गोष्ट बोलायची, 'घ्या, घ्या, स्वस्त आहे', याला ओळख म्हणता येईल का? आधी तिकिटाच्या खिडकीवर त्याच्याकडून आपल्यापेक्षा कितीतरी पट पैसे घेतलेले असतात. वर दुकानात फसला, तर तो घरी जाऊन काय सांगेल? एक सांगेल, दहा ऐकतील.

चूक त्यांचीही असते बरे. न विचारता बायाबापड्यांचे फोटो काढायचे, उघड्या पोराच्या हातावर गोळी ठेवायची आणि हसत पुढे जायचे. त्या पोराला हात पसरायची सवय लागते. आपण त्याला गिऱ्हाईक समजतो, तो आपल्याला देखावा समजतो. सौदा दोन्हीकडून तोट्याचा.

सगळेच प्रवासी मात्र असे नसतात. श्रीलंकेच्या म्हाताऱ्या बायका पांढरे कपडे घालून येतात. बुद्धाच्या मूर्तीपुढे गुडघे टेकतात, डोळे मिटून पुटपुटतात. आपली मुले कधीकधी त्यांना हसतात. आषाढीला आपली आजी पंढरीच्या वाटेने जाते, तिला कोणी हसले तर आपल्याला कसे वाटेल? त्या बायकांची ही वारीच आहे.

त्यांचे आणि या डोंगराचे नाते जुने आहे. सतरा नंबरच्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट रंगवलेली आहे. त्याचे जहाज फुटते, तो एका बेटावर लागतो. तिथे राक्षसिणी राहतात. पांढरा घोडा त्याला वाचवतो. पुढे तो सैन्य घेऊन बेट जिंकतो आणि त्याच्या नावावरून ते सिंहलद्वीप होते. म्हणजे आजची श्रीलंका. परक्या देशात राक्षसच राहतात, ही समजूत किती जुनी आहे पाहा! पण एक नंबरच्या लेण्यात छताकडे मान वर करून पाहा. टोपी घातलेले, दाढीवाले परदेशी लोक तिथे मजेत बसलेले दिसतील. त्या चित्रकाराने असली माणसे नीट पाहिली असणार. कपड्यांचे बारकावे त्याशिवाय कसे उतरतील?

१९८३ साली या लेण्यांची गणना जागतिक वारशात झाली. पुढे जपान सरकारच्या कर्जातून इथे रस्त्यांची आणि सोयींची कामे झाली. परदेशी माणूस या जागेला आपली मानतो, त्याची ही खूण. आणि आपण? फाट्यावर जन्म गेलेली कितीतरी माणसे सतरा नंबरच्या लेण्यात कधी गेलेली नाहीत. २०२० सालच्या मार्चमध्ये करोनामुळे परदेशी प्रवाशांचे येणे थांबले. दुकाने बंद पडली, घरे अडचणीत आली. तेव्हा कळले, आपण त्यांच्यावर किती विसंबलो होतो.

म्हणून आमचे सांगणे असे. येत्या रविवारी वर्गातल्या सगळ्यांनी लेणी पाहायला चलावे. सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा वार चुकवू नका. बायकांनी, मुलांनीही यावे. चित्रांच्या लेण्यात चपला बाहेर काढाव्या लागतात. सिंहलाची गोष्ट भिंतीवर कुठे सुरू होते, घोडा कुठे आहे, ते आम्ही दाखवू. तुम्ही ती तुमच्या भाषेत पाठ करा. मग एखादी श्रीलंकेची बाई दुकानापुढे थांबली, तर खडा पुढे करण्याआधी तिला विचारा, 'सिंहलाचे चित्र पाहिलेत का?' जपानी पाहुण्याला जपानीत विचारता येत असेल, तर तसे विचारा.